मुलाशी खेळताना मागे कसं राहायचं: जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मनासाठी रोजची दहा मिनिटं

मुलाशी खेळायला बसलेलं मोठं माणूस पहिल्या मिनिटभरातच बहुधा तीन गोष्टी करतं: प्रश्न विचारतं, सूचना देतं आणि चूक सुधारतं. "हा कुठला रंग?" "मोठा ठोकळा खाली ठेव ना." "असं नाही, असं." हेतू चांगलाच असतो. पण तेवढ्यात खेळाची सूत्रं मुलाच्या हातून निसटतात आणि खेळाची शिकवणी होते. मुलाच्या मनाला ज्या खेळाने बळ मिळतं, तो मुलाच्या कलाने चालतो. तो जमवायचा तर मोठ्यांना काही सवयी सोडाव्या लागतात. खाली जे दिलं आहे ते आई-बाबा, आजी-आजोबा, पाळणाघरातल्या ताई, अशा मुलाला रोज सांभाळणाऱ्या कुणालाही करता येईल.

लहान मुलाचं मन निरोगी असणं म्हणजे मूल कायम हसरं असणं नव्हे. घाबरल्यावर ओळखीच्या माणसाकडे धाव घेणं, त्याच्या कुशीत शांत होणं, थोड्या वेळाने पुन्हा उतरून खेळायला जाणं आणि मनोरा पडला तरी दुसऱ्यांदा रचायला घेणं, ही त्याची खरी लक्षणं. हे सगळं मूल देवाणघेवाणीतून शिकतं. बाळ आवाज काढतं, मोठं माणूस उत्तर देतं; बाळ बघतं, मोठंही तिकडे बघतं. १९७० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला. आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळं हसून पाहतात, हात पुढे करतात, ओरडून पाहतात; पलीकडून काहीच येत नाही म्हटल्यावर मान फिरवतात, रडकुंडीला येतात. आई पुन्हा बोलती झाली की मात्र हळूहळू सावरतात. या प्रयोगातला हा शेवटचा भाग पालकांनी जास्त लक्षात ठेवावा. सूर बिघडणं रोजचंच आहे. तो पुन्हा जुळतो हा अनुभव मुलाला मिळायला हवा.

जागा, वेळ आणि खेळणी

वेळ शक्यतो रोज एकच ठेवा. भूक, झोप किंवा बाहेर पडायची घाई असेल तेव्हा नको. सुरुवातीला पाच मिनिटं पुरतात, जमू लागलं की दहा ते पंधरा. आठवड्यातून एकदाच दोन तास देण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं मुलाला जास्त आश्वस्त करतात, कारण ती उद्याही मिळणार हे त्याला कळतं. दोन मुलं असतील तर प्रत्येकाची वेळ वेगळी धरा.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसता उलटा करून शेजारी ठेवून भागत नाही, कारण तो थरथरला की तुमची नजर जाते आणि मुलाला ते लगेच कळतं. टीव्ही बंद करा. जमिनीवर बसा. गुडघे दुखत असतील तर मुलाला टेबलाशी बसवा आणि तुम्ही खुर्चीत बसा. दोघांचे डोळे साधारण एका उंचीवर आले की झालं.

खेळणी दहा-बाराच काढा. ठोकळे, एक-दोन बाहुल्या, घरातल्या माणसांसारखी छोटी माणसं, प्राणी (त्यात एखादा दात विचकणारा हवाच), भातुकलीची भांडी, खोटा फोन, डॉक्टरचा खेळ, एक-दोन गाड्या, मऊ चेंडू, कागद आणि खडू, थोडी क्ले, एक ओढणी किंवा चादर. या वस्तूंचं मूल हवं ते करू शकतं, म्हणून त्या उपयोगी. बटण दाबलं की गाणं म्हणणारी खेळणी या वेळेपुरती कपाटात राहू द्या, कारण तिथे खेळणं खेळतं आणि मूल बघत बसतं. हार-जीत असलेले खेळही नकोत. खोक्यावर 'शैक्षणिक' छापलंय म्हणून जादा पैसे मोजायचं तर काहीच कारण नाही.

सुरक्षिततेचं मात्र काटेकोर पाहा. तीन वर्षांखालच्या मुलासाठी टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं, ते खेळणं बाद. बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या, सुटे छोटे पण जोरदार लोहचुंबक आणि पाण्यात फुगणारे मणी हे पोटात गेल्यास जिवावर बेतू शकतं. ते घरात मुलाच्या हाती लागेल असे कुठेच नकोत. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी थांबून वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा.

दहा मिनिटं, पायरीपायरीने

१. जाहीर करा. "आता आपली खेळायची वेळ. काय खेळायचं ते तू ठरव." एवढंच. कुठलंही खेळणं उचलून दाखवू नका.

२. थांबा. मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजा. मूल नुसतं बसून राहिलं तरी तुम्ही सुरुवात करायची नाही. ही शांतता मोठ्यांनाच अवघड जाते. मूल तेवढ्यात वस्तू न्याहाळत असतं.

३. जे दिसतं ते बोला. "तू लाल गाडी घेतलीस. ती चादरीखाली चाललीय." क्रिकेटचं समालोचन करणारा जसा खेळाडूला काय करावं ते सांगत नाही, फक्त काय चाललंय ते सांगतो, तसं. अखंड बडबड नको. दर मिनिटाला चार-पाच वाक्यं खूप झाली.

४. मुलाचं बोलणं परत म्हणा, थोडं वाढवून. मूल "गाडी पडी" म्हणालं, तर "हो, गाडी धप्पकन पडली." चूक दाखवायची गरज नाही, बरोबर रूप त्याच्या कानावर आपोआप पडतं.

५. तेच करा. ते दोन ठोकळे ठेवतंय तर तुम्हीही शेजारी दोन ठेवा. त्याच्यापेक्षा उंच मनोरा बांधू नका!

६. कौतुक नेमकं करा. "शाब्बास" मोघम आहे. "ठोकळा हलत होता तरी तू हळूच धरून ठेवलास" हे ऐकून मुलाला आपण नक्की काय चांगलं केलं ते कळतं. निकालापेक्षा प्रयत्नाला, धीराला, वाटून घेण्याला शब्द द्या.

७. भावना दिसली तर तिला नाव द्या. "पडला. राग आला तुला." इथे थांबा. "त्यात काय रागवायचं" हे जोडलंत की आधीचं वाक्य फुकट गेलं.

८. संपण्याआधी दोन मिनिटं सांगा, मग एक मिनिट असताना सांगा, आणि वेळ झाली की उठा. "आजची वेळ संपली. उद्या पुन्हा." रडारड झाली तरी वेळ वाढवू नका, त्याऐवजी "अजून खेळायचं होतं तुला, थांबायला अजिबात आवडत नाहीये" असं म्हणून जवळ बसा. खेळणी आवरणं या वेळेत धरू नका, नाहीतर शेवटचं मिनिट हमखास भांडणात जातं.

ही पद्धत हवेतून आलेली नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात पालक आणि मुलांसाठी जी उपचारपद्धती बांधली, तिचा पहिला अर्धा भाग असाच आहे. ती साधारण दोन ते सात वर्षांच्या, वागणूक फार बिघडलेल्या मुलांसाठी वापरतात. पालक मुलासोबत खेळतात आणि उपचारक आरशासारख्या काचेमागून त्यांच्या कानातल्या यंत्रात काय बोलावं ते सुचवतो. घरी करायचा सराव रोज फक्त पाच मिनिटांचा. याचा अर्थ मोठ्यांनाही हे कुणीतरी कानात सांगेपर्यंत सुचत नाही, तेव्हा पहिल्या आठवड्यात तोंडातून प्रश्न निसटले तर मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न का नकोत, हे एकदा जवळून पाहू. मूल निळा ठोकळा कानाला लावून बसलंय. "हा कुठला रंग?" असं विचारलं की ते ठोकळ्याकडे बघतं, "निळा" म्हणतं किंवा गप्प होतं. ठोकळ्याचा फोन झाला होता, तो बंद पडला. त्याऐवजी तुम्ही "फोन आलाय" एवढं म्हणालात तर पुढचं वाक्य मुलाचं असतं: "बाबाचा आहे. बाबा उशिरा येणारे." दिवसभर मनात काय घोळत होतं ते तुम्हाला न विचारता कळलं. रंग शिकवायला उरलेला दिवस आहेच.

मर्यादा घालायची वेळ आली तर

मुलाने ठरवायचं याचा अर्थ काहीही चालेल असा नाही. कुणाला इजा करायची नाही आणि मुद्दाम वस्तू मोडायच्या नाहीत, एवढे दोन नियम पुरेत. आधीच वाचून दाखवू नका, प्रसंग आला की सांगा. सांगायचे तीन भाग आणि क्रम हाच: आधी भावना, मग मर्यादा, मग पर्याय. "तुला माझा राग आलाय. मला मारायचं नाही. उशीला मार." पहिला भाग गाळून नुसतं "मारायचं नाही!" म्हटलं की मूल आणखी पेटतं, कारण त्याचं म्हणणं पोहोचलंच नाही असं त्याला वाटतं. आवाज सपाट आणि हळू ठेवा. तिसऱ्यांदाही तेच झालं तर "आज खेळ इथे थांबवतोय, उद्या पुन्हा खेळू" म्हणून थांबवा आणि खरोखरच उद्या खेळा.

दिवसभरातल्या वाईट वागण्याची शिक्षा म्हणून ही वेळ कधीही रद्द करू नका. ज्या दिवशी सगळ्यात जास्त आदळआपट झाली, त्याच दिवशी तिची गरज सर्वांत जास्त असते.

वयाप्रमाणे काय बदलतं

पहिल्या सहा महिन्यांत तुमचा चेहरा हेच खेळणं. चेहरा बाळापासून हातभर अंतरावर आणा, त्याच्यासारखा आवाज काढा आणि मग गप्प बसून त्याच्या उत्तराची वाट पाहा. बाळाने मान वळवली, जांभई दिली, पाठ ताणली किंवा उचकी लागली तर त्याचं खेळून पोट भरलंय असं समजा. तोंडासमोर जाऊन पुन्हा खुळखुळा वाजवू नका. थोड्या वेळाने ते स्वतःच परत बघेल. सहा महिन्यांनंतर बुवा-कुकचे दिवस येतात. दिसेनासं झालेलं माणूस नाहीसं होत नाही, हे बाळाला याच सुमाराला उमगू लागतं आणि आई नजरेआड झाली की रडणंही याच सुमाराला वाढतं, त्यामुळे हा खेळ वाटतो त्यापेक्षा कामाचा आहे. चेहरा दोन सेकंदच झाका, आवाज चालू ठेवा. बाळ हसायला लागलं की थोडं लांबवा. कामाला जाताना मात्र गुपचूप सटकू नका. निरोप घेऊन, रडू आलं तरी सांगून जा.

एक ते दोन वर्षांचं मूल भरतं, ओततं, रिकामं करतं, तुमच्या हातात वस्तू देतं आणि परत मागतं. पन्नास वेळा. कंटाळा येणं साहजिक आहे, तो चेहऱ्यावर न दाखवणं एवढंच तुमचं काम. दोन ते तीन या वयात नाटक सुरू होतं: बाहुलीला जेवू घालणं, झोपवणं, रागावणं. या वयाची मुलं एकमेकांशेजारी बसून आपापलं खेळतात. त्यांना जबरदस्तीने "एकत्र खेळा, वाटून घ्या" म्हणण्यात अर्थ नाही.

तीन ते सहा हे खोट्या-खोट्या खेळाचं खरं वय, आणि मनाच्या दृष्टीने इथेच सगळ्यात जास्त हाती लागतं. मूल तुम्हाला भूमिका देईल: "तू बाळ, मी डॉक्टर." ती घ्या, पण पुढचं कथानक स्वतः रचू नका. यासाठी एक सोपी युक्ती आहे: बाळाच्या आवाजात रडा, मग तोंडावर हात धरून कुजबुजत विचारा, "आता मी काय म्हणू?" प्रश्न टाळायचा हा नियम इथे मोडला तरी चालतो, कारण सूत्रं मुलाकडेच राहतात. "म्हण, मला सुई नको!" असं उत्तर आलं तर ते तस्सं म्हणा. दवाखान्यात ज्याचं काही चाललं नव्हतं, त्याचं इथे सगळं चालतं.

भीती, राग आणि तोच तो खेळ

धाकटं भावंड आलं, शाळा बदलली, घरात आजारपण झालं की त्याचे पडसाद खेळात उमटतात. बाळाची बाहुली खोक्यात कोंबली जाते, वाघ सगळ्या माणसांना खातो. घाबरून "अरेरे, बाळाला असं करतात का?" म्हणू नका आणि "तुला छकुलीचा राग येतो ना?" असा अर्थही काढून दाखवू नका. कथेच्या आत राहा: "वाघाला फारच राग आलाय. सगळ्यांना खाऊन टाकलं." बाहुलीला मारणं आणि खऱ्या बाळाला मारणं यात मूल फरक करतं, तुम्हीही करा. खऱ्या बाळाच्या बाबतीत मर्यादा लगेच आणि ठाम.

तोच प्रसंग पुन्हापुन्हा खेळणं चांगलंच असतं, जोवर त्यात हळूहळू काहीतरी बदलतंय. कधी शेवट बदलतो, कधी मदतीला कुणी येतं, कधी मूल मधेच हसतं. आठवडेच्या आठवडे तोच प्रसंग तस्साच, हसू नाही, सुटका नाही आणि खेळून झाल्यावर मूल जास्तच अस्वस्थ, असं असेल तर तो मोठ्या धक्क्याचा परिणाम असू शकतो. तिथे घरगुती उपाय थांबवून तज्ज्ञांकडे जा.

नवी गोष्ट घडण्याआधीही खेळ वापरता येतो. शाळा सुरू होण्याआधी आठवडाभर बाहुलीला शाळेत पोहोचवा, टाटा करा, आणि दर वेळी तिला घ्यायला परत या. परत येणं विसरू नका.

दंगामस्ती

उशांची मारामारी, घोडा-घोडा, पकडापकडी यात मूल अंग तापल्यावर थांबायला शिकतं, फक्त थांबणं त्या खेळात असायला हवं. आधी एक शब्द ठरवा, "थांब" पुरे, आणि तो कुणीही म्हणाला की दोघांनीही जागच्या जागी थिजायचं. गुदगुल्यांच्या बाबतीत तर हे फारच पाळा: हसू आपोआप येतं, म्हणून हसणारं मूल खूश आहेच असं नाही. दर काही सेकंदांनी हात काढा. मुलाने तुमचा हात परत ओढला तरच पुढे. झोपण्याआधीच्या तासाभरात दंगा टाळा. मनगटाला धरून गरगर फिरवू नका किंवा उचलू नका, पाचेक वर्षांपर्यंत कोपराचा सांधा सहज सरकतो. तान्ह्या बाळाला हलवून-हिंदकळून खेळवणं तर अजिबात नाही.

कुठे अडतं

पहिले काही दिवस मूल जास्तच हट्टी वाटू शकतं. सूत्रं खरंच आपल्याकडे आहेत का, ते ताणून पाहत असतं. तीन-चार आठवडे नेटाने केल्याशिवाय फरक पडला की नाही हे ठरवू नका.

मूल फोनच मागत असेल तर आधी दिवसभराचा पडद्यासमोरचा (फोन, टीव्हीचा) वेळ कमी करावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, एक वर्षाच्या मुलालाही तो सुचवलेला नाही आणि दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला एक तासाहून जास्त नको. फोन काढून घेतल्याक्षणी "चल खेळू" म्हटलं तर खेळ शिक्षा वाटतो. मधे पाणी, बाहेर फेरी असं काहीतरी असू द्या.

तुमचाच पारा चढला आणि ओरडलात, तर शांत झाल्यावर मुलाजवळ जाऊन सांगा: "मी मोठ्याने ओरडलो. तू घाबरलास. तुझी चूक नव्हती." लांबलचक माफी नको, मग मुलालाच तुमची समजूत काढावी लागते.

आणि खेळायची इच्छाच होत नाही, बाळाकडे बघून काही वाटत नाही, रडू येतं, झोप उडालीय, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ते नैराश्य असू शकतं. बाळंतपणानंतर ते बऱ्याच जणींना येतं, वडिलांनाही येतं आणि उपचारांनी बरं होतं. अशा वेळी आणखी एक कर्तव्य म्हणून खेळ अंगावर घेऊ नका. आधी डॉक्टरांना भेटा, तोवर दहा मिनिटं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळावीत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्या, एकट्या राहू नका.

तज्ज्ञांकडे कधी

वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर बघत नाही, दीड वर्षापर्यंत बोटाने काही दाखवत नाही, दोन वर्षांपर्यंत खोटं-खोटं जेवू घालण्यासारखा खेळ दिसत नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या. आधी येणारे शब्द, खेळ, डोळ्याला डोळा देणं गेलं, तर वय कितीही असो, वाट पाहू नका. याखेरीज सतत मलूल राहणं, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस न घेणं, झोप किंवा जेवण आठवडेच्या आठवडे बिघडणं, भीतीमुळे घराबाहेर न पडणं, स्वतःला किंवा इतरांना वारंवार दुखवणं यासाठी बाल मानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांसोबत काम करणारे मानसशास्त्रज्ञ गाठा.

जाताना मूल घरी नेहमीसारखं खेळत असतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि दोन आठवड्यांची छोटी नोंद न्या: काय झालं, केव्हा, त्याआधी काय चाललं होतं, किती वेळ टिकलं, कशाने शांत झालं. अनोळखी खोलीत मूल गप्प बसून राहतं, म्हणून या दोन गोष्टींचा तपासणाऱ्याला फार उपयोग होतो. व्हिडिओ घेताना फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या किंवा शेल्फवर टेकवून ठेवा, म्हणजे खेळताना तुमचे दोन्ही हात मोकळे राहतील.